सांतियागोच्या वाटेवरचा पाऊस : पाँचो, जॅकेट आणि छत्री यांचे पस्तीस दिवसांनंतरचे परीक्षण

फ्रान्सच्या हद्दीतील, पण स्पेनच्या सीमेला लागून असलेल्या सँ-जाँ-पिए-द-पोर या गावापासून स्पेनच्या वायव्येला असलेल्या सांतियागो दे कोंपोस्तेलापर्यंत जाणारी सुमारे 780 किलोमीटरची यात्रावाट, जिला 'कामिनो फ्रान्सेस' म्हणतात, ती मी आणि माझी थोरली बहीण अशा आम्ही दोघींनी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निघून पस्तीस दिवसांत पायी पूर्ण केली. त्यांपैकी चौदा दिवस पाऊस होता. निघण्यापूर्वी पावसाच्या कपड्यांवरून आमचे एकमत होईना, म्हणून शेवटी मी बाह्यांचा, सॅकवरून घालायचा पाँचो, म्हणजे झुलीसारखा सैल रेनकोट, घेतला आणि ताईने वॉटरप्रूफ जॅकेट, पावसाळी पँट आणि सॅकचे कव्हर असा संच घेतला. एकच पाऊस, एकच चढ आणि दोन वेगळ्या व्यवस्था अशी तुलना त्यामुळे आपोआप घडली. ती ठरवून केलेली नव्हती, तो आमच्या हट्टाचा परिणाम होता.

पावसाचे कपडे विकत घेताना आपण मनाशी एकच प्रश्न धरतो, तो म्हणजे यात मी भिजेन का. एका दिवसाच्या भटकंतीला तो प्रश्न पुरेसा आहे, कारण संध्याकाळी घरी जाऊन कपडे बदलता येतात. कामिनोवर मात्र संध्याकाळी यात्रेकरूंच्या निवासात, म्हणजे अल्बेर्गेत, एक दुमजली पलंग मिळतो आणि अंगावरच्या जोडाव्यतिरिक्त आपल्याजवळ फार तर आणखी एक जोड आणि झोपायची पिशवी असते. तो जोड आणि ती पिशवी कोरडी असेल तर दिवसभर भिजलेला माणूसही तासाभरात पूर्ववत होतो. ती ओली झाली तर मात्र रात्रही गेली आणि दुसरा दिवसही गेला. म्हणून या परीक्षणात मी पहिला मान संध्याकाळच्या कोरड्या कपड्यांना, दुसरा चालताना येणाऱ्या घामाला आणि तिसरा पाऊस सुरू होताच कपडा किती लवकर अंगावर चढतो याला दिला आहे. अंग कोरडे राहणे त्यानंतर येते. अर्थात थंडीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पिरेनीज पर्वतात किंवा सांतियागो ज्या प्रदेशात आहे त्या गालिसियाच्या सीमेवर एप्रिलमध्ये तापमान पाच-सहा अंशांवर येते, आणि पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने शरीरातली उष्णता ओढून घेते. उबदार पावसात भिजण्याची सवय असलेल्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

माझा पाँचो घडी करून पिशवीत भरला की साधारण एका लहान भोपळ्याएवढा होतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन 390 ग्रॅम भरले. त्याला पुढे गळ्यापासून मांडीपर्यंत चेन आहे, चेनीवर पाणी शिरू नये म्हणून झडप आहे, मनगटाला इलॅस्टिक आहे आणि पाठीवर सॅक मावेल असा फुगवटा शिवलेला आहे. सॅक नसताना हा फुगवटा आत दुमडून बटणांनी बंद करता येतो, त्यामुळे संध्याकाळी दुकानात जाताना तोच पाँचो लांब रेनकोट म्हणून चालतो. लांबी गुडघ्यांच्या जरा खालपर्यंत येते. दुकानातल्या आरशात तो अत्यंत बेढब दिसतो, आणि वाटेवरही तसाच दिसतो. फक्त तिथे निम्मे लोक तसेच दिसत असल्यामुळे कोणी कोणाकडे बघत नाही.

त्याची खरी परीक्षा पहिल्याच दिवशी झाली. सँ-जाँ जेमतेम 170 मीटर उंचीवर आहे आणि नेपोलियनच्या नावाने ओळखली जाणारी डोंगरवाट तिथून 1,400 मीटरपेक्षाही वर चढते. हिवाळ्यात, 1 नोव्हेंबर ते 31 मार्च, ती बंदच असते आणि यात्रेकरूंना खालच्या वाल्कार्लोसच्या रस्त्याने जावे लागते. दुपारी अकराच्या सुमारास वारा आणि पाऊस एकदमच आला. मी सॅक न उतरवता पाँचो डोक्यावरून मागे टाकला, तो वाऱ्याने फुगला आणि मागचा फुगवटा सॅकच्या वरच्या कप्प्यात अडकून बसला. हात मागे पोहोचेना, समोरची चेन लागेना, आणि माझ्या पाठीवर थंड पाण्याचे ओघळ उतरू लागले. शेवटी मागून येणाऱ्या एका अनोळखी माणसाने काही न बोलता तो खाली ओढून दिला आणि तो पुढे निघून गेला. ताईने तोवर जॅकेट घालून, चेन लावून, सॅकवर कव्हरही चढवले होते. पहिला डाव तिचा झाला.

पण हा दोष कपड्यापेक्षा सवयीचा होता. आधी दोन्ही हात बाह्यांत घालायचे, मग थोडे पुढे वाकून फुगवटा झटक्याने सॅकवरून मागे फेकायचा आणि शेवटी हुड ओढायचा, हा क्रम एकदा बसला की वीस सेकंदांत काम होते. पाँचो विकत घेणाऱ्याने घरातच भरलेली सॅक पाठीवर घेऊन हा प्रयोग दहा वेळा करावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. उलट जॅकेटसाठी प्रत्येक वेळी सॅक उतरवावी लागते, आणि पावसाळी पँटसाठी चिखलात एका पायावर उभे राहून बूट काढावे लागतात किंवा पँटच्या घोट्याजवळच्या चेनीतून ते कसेबसे आत सरकवावे लागतात. एकदा पाऊस सुरू होऊन दिवसभर टिकला तर हे चालते. पण वाटेवरचा पाऊस बहुधा तसा नसतो. दहा मिनिटांची सर, मग ऊन, मग भुरभुर, पुन्हा ऊन, असा तो सतत चेष्टा करत असतो. ताई तिसऱ्या सरीला कंटाळून 'आता येऊ दे काय यायचे ते' म्हणत जॅकेटशिवायच चालू लागायची, आणि जो कपडा कंटाळ्यामुळे सॅकमध्येच राहतो तो कितीही उत्तम असला तरी उपयोगाचा नाही.

आता जॅकेटच्या लेबलावरच्या आकड्यांविषयी, कारण खरेदी करताना सगळ्यांची नजर तिथेच जाते. ताईच्या जॅकेटवर 10,000 मिलिमीटर असे छापलेले होते. याचा अर्थ असा की त्या कापडावर दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा करावा इतका दाब येईपर्यंत पाणी आरपार येत नाही. नुसत्या पडणाऱ्या पावसाचा दाब याच्या जवळपासही जात नाही, म्हणून हा आकडा ऐकून निश्चिंत व्हायला होते. मात्र ही चाचणी नव्या कापडावर होते. त्याच कापडावर सात-आठ किलोंच्या सॅकचे पट्टे रोज सहा तास घासले की खांद्यावरचा पाणी झटकणारा लेप सर्वांत आधी जातो, आणि मग तिथे पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळण्याऐवजी कापडात मुरून काळपट डाग दिसू लागतात. ताईच्या खांद्यावर असे दोन पट्टे साधारण बाराव्या दिवशी दिसू लागले.

वरचे कापड असे ओले झाले की दुसरी अडचण सुरू होते. जॅकेटच्या आतल्या पडद्याला अतिसूक्ष्म छिद्रे असतात. पाण्याच्या थेंबाला त्यांतून शिरता येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. रॉबर्ट गोर यांनी 1969 मध्ये टेफ्लॉन झटक्याने ताणून तसा पडदा तयार करण्याची युक्ती शोधली आणि पुढे गोर-टेक्स हे नाव घरोघरी पोचले. परंतु वाफ आपणहून बाहेर जात नाही. आत उष्ण आणि दमट, तर बाहेर गार आणि कोरडे, असा फरक असला तरच ती ढकलली जाते. बाहेरचे कापड पाण्याने भरलेले, हवेत ढग उतरलेला आणि आत चढावर धापा टाकणारे शरीर, अशा वेळी वाफेला जायला वाटच उरत नाही आणि तिचेच पाणी होऊन आतल्या बाजूने खाली येते.

हे पुस्तकी वाटेल, म्हणून ओ सेब्रेइरोचा चढ सांगते. लास एर्रेरियास या खेड्यापासून ओ सेब्रेइरोपर्यंत साधारण आठ किलोमीटरांत सहाशेहून अधिक मीटरची चढण आहे आणि वर पोहोचता पोहोचता लेओनचा प्रदेश संपून गालिसिया सुरू होतो. त्या दिवशी आम्ही पूर्ण वेळ ढगात होतो. वर दगडी घरांपाशी थांबल्यावर ताईने जॅकेटची चेन उघडली तर आतून वाफ निघाली आणि तिच्या टी-शर्टवर कोरडी अशी जागा उरली नव्हती. मी विचारले, "ताई, हा घाम आहे की पाऊस?" ती म्हणाली, "आता काय फरक पडतो?" पाँचोचे कापड वाफेला मुळीच वाट देत नाही, पण तो खालून उघडा आणि अंगापासून सुटा असल्यामुळे पाऊल टाकले की हवा हलते. मीही घामेजले होते, मात्र निथळत नव्हते. घामाच्या बाबतीत कापडाच्या किमतीपेक्षा कपड्याचा सैलपणा जास्त कामाला येतो, हे मला त्या दिवशी पटले.

सॅकच्या कव्हरविषयी मात्र माझे मत स्पष्टच वाईट आहे. कव्हर सॅकचे तोंड आणि बाहेरची बाजू झाकते. पाठीकडची बाजू उघडीच राहते. जॅकेटच्या हुडावरून आणि खांद्यांवरून येणारे पाणी पाठ आणि सॅक यांच्या फटीत उतरते, पट्ट्यांमधल्या फोममध्ये मुरते आणि शेवटी कव्हरच्या तळाशी जमा होते. पालास दे रेइ या गावी पोहोचल्यावर ताईने कव्हर काढले तेव्हा तळातून वाटीभर पाणी ओतले गेले, आणि सॅकच्या तळाशी काय असते? झोपायची पिशवी. त्या रात्री अल्बेर्गेच्या ओस्पितालेरोने, म्हणजे व्यवस्था पाहणाऱ्या स्वयंसेवकाने, कपाटातून एक घोंगडी काढून दिली म्हणून निभावले. कव्हर घ्यायचेच असेल तर ते शोभेला घ्यावे आणि खरी भिस्त आतल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीवर ठेवावी. सॅकच्या मापाची, जाड कचऱ्याची पिशवी आत अंथरून तिचे तोंड पिळून दुमडले की पाणी आत जात नाही, आणि ती जवळपास फुकट मिळते. पाँचो वापरणाऱ्यानेही ती ठेवावी. मी ठेवली होती.

एवढे कौतुक केल्यावर पाँचोची उणी बाजू सांगायलाच हवी, आणि ती म्हणजे वारा. बुर्गोसच्या पुढे मेसेता नावाचे उंच, सपाट, जवळपास झाडांविना असलेले पठार लागते. तिथे कार्रिओन दे लोस कोंदेस सोडल्यावर काल्सादिया दे ला कुएसापर्यंत सतरा किलोमीटर एकही गाव नाही, आणि पश्चिमेकडे चालत असल्यामुळे वारा बहुतेक वेळा समोरून तोंडावर येतो. त्या सतरा किलोमीटरांत माझा पाँचो शिडासारखा भरला, खालची कड फडफडून मांड्यांवर आपटत राहिली आणि पायाखालचे दिसेनासे झाले. बाजूने घट्ट ओढलेले जॅकेट घातलेली ताई शांतपणे पुढे जात होती. मी शेवटी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी काढून सॅकच्या खालून कमरेभोवती आवळली, तेव्हा कुठे तो आटोक्यात आला. ही दोरी पुढे कायमची पाँचोच्या खिशात राहिली. आधी कमरेला पट्टा शिवलेला पाँचो मिळाला तर तोच घ्यावा.

बाह्या नसलेला, चौकोनी, बाजूंना बटणे असलेला पाँचो याहून हलका आणि स्वस्त असतो. त्यात हात बाहेर काढला की कोपरापर्यंत भिजतो, आणि चालण्याच्या काठ्या वापरणाऱ्याचे हात बाहेरच असतात. मोठ्या गावांतल्या दुकानांत मिळणारे पातळ प्लास्टिकचे पाँचो तर उल्लेखापुरतेच; पहिल्या काटेरी कुंपणाला ते फाटतात आणि त्यांचे तुकडे पुढे कित्येक किलोमीटर झुडपांना लटकलेले दिसतात, ते पाहून वाईट वाटते.

छत्रीविषयी आमच्यापैकी कोणालाच आशा नव्हती. ताईने वाटेवरच्या सांतो दोमिंगो या गावात केवळ रागाने एक छत्री विकत घेतली आणि तीच पुढे दोघींची लाडकी झाली. वाऱ्यात ती निरुपयोगी आहे आणि दोन काठ्या धरून चालणाऱ्याला ती धरता येत नाही, हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. पण गालिसियात वाट पुष्कळदा दोन्ही बाजूंच्या दगडी बांधांमधून, ओक आणि चेस्टनटच्या झाडांखालून जाते. तिथे वारा शिरत नाही, आणि पाऊसही बहुधा 'ओर्बायो' असतो, म्हणजे नुसता अंगावर बसणारा तुषार. त्या तुषारात हुड न ओढता, कान उघडे ठेवून, चेहऱ्याला हवा लागू देत चालण्याचे सुख मोठे आहे. हुडाच्या आत पावसाची टपटप इतकी होते की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. छत्रीखाली आम्ही दोघी आठवड्याभरानंतर पहिल्यांदा नीट बोललो. मेसेतेवरच्या उन्हातही तिने सावली दिली. सव्वादोनशे ग्रॅममध्ये एवढे काम दुसऱ्या कोणत्याही वस्तूने केले नाही, फक्त ती एकटी पुरत नाही.

कमरेखालचा भाग पाँचो वापरणाऱ्याने सोडून देऊ नये. गुडघ्याखाली पडणाऱ्या पागोळ्या पँटवरून मोज्यांत आणि मोज्यांतून बुटांत जातात, आणि मग बूट कितीही वॉटरप्रूफ असले तरी ते वरून भरलेल्या बादलीसारखे होतात. शिवाय अशा बुटांतून पाणी बाहेरही जात नाही. मी पावसाळी पँटऐवजी कमरेला गुंडाळायचा, वेल्क्रोने बंद होणारा पातळ घागरा नेला होता. वजन 75 ग्रॅम, बूट न काढता घालता येतो आणि खालून हवा खेळती राहते. पाँचो आणि हा घागरा मिळून 465 ग्रॅम झाले. ताईचे जॅकेट 310, पँट 240 आणि कव्हर 95, म्हणजे एकूण 645. फरक 180 ग्रॅमचा आहे, आणि सॅकचे वजन शरीराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावे हा वाटेवरचा सर्वमान्य नियम पाळणाऱ्याला तो लहान वाटणार नाही. बुटांच्या बाबतीत मी जाळीदार, लवकर वाळणारे बूट घातले. ते भिजायचे आणि संध्याकाळी वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले की सकाळपर्यंत घालण्याजोगे व्हायचे. बहुतेक अल्बेर्गेत बुटांच्या मांडणीशेजारी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवलेलाच असतो. तासाभराने पहिले बोळे काढून कोरडे भरावेत. हे दुसऱ्यांदा भरणेच महत्त्वाचे असते आणि नेमके तेच सगळे विसरतात.

या वाटेवर पाँचोसारखा कपडा काही नवा नाही. जुन्या चित्रांत आणि चर्चच्या दारांवरील शिल्पांत सांतियागोचा यात्रेकरू रुंद काठाची टोपी, हातात काठी आणि खांद्यांवर आखूड झूल अशा वेषात दिसतो. अशा झुलीला युरोपात 'पेलरिन' म्हणतात आणि तो शब्दच मुळी यात्रेकरू या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून आला आहे. वरून सैल, खालून उघडे, हाताला मोकळीक देणारे, ही रचना चालणाऱ्यांनीच घडवली असावी असे मला आता वाटते.

खरेदी करणाऱ्यांसाठी आणखी काही निरीक्षणे. माप निवडताना सॅक पाठीवर घेऊन, भरलेल्या स्थितीत पाहावे. माझा पाँचो एका मापाने मोठा असता तर मागची कड पोटऱ्यांपर्यंत आली असती. शिवणींना आतून टेप लावलेली आहे का हे उलटे करून बघावे, विशेषतः हुड आणि खांदा जिथे जुळतात तिथे. हुडाला पुढे ताठ कड आणि मागे आवळायची नाडी असावी, नाहीतर मान वळवली की हुड जागेवरच राहतो आणि डोळ्यांसमोर कापड येते; रस्ता ओलांडताना हे धोक्याचे आहे. रंग भडक घ्यावा. गालिसियातल्या धुक्यात वाट अनेक ठिकाणी मोटारींच्या रस्त्याच्या कडेने जाते, आणि माझा गडद हिरवा पाँचो तिथे झुडपासारखा दिसत होता, असे ताईने मला तीनदा सांगितले.

जॅकेट घेणाऱ्यांनी कपडे मऊ करणारे द्रव त्याच्या आसपासही नेऊ नयेत. साध्या सौम्य साबणाने धुऊन, लेबलावर परवानगी असल्यास मंद उष्णतेवर वाळवले की पाणी झटकणारा लेप बराचसा परत जागा होतो. ताईच्या जॅकेटचे खांदे घरी आल्यावर असेच पुष्कळ सुधारले. आतून पॉलियुरेथेनचा लेप असलेला कोणताही कपडा मात्र ओला असताना घडी करून ठेवू नये, कारण दमटपणात तो लेप हळूहळू विघटित होतो, आधी चिकट होतो आणि मग पांढऱ्या पापुद्र्यांनी सुटू लागतो. माझे आधीचे एक महागडे जॅकेट असेच गेले होते, आणि दुकानदाराने तक्रार ऐकून घेऊन ती वापरातील झीज असल्याचे सांगून मला परत पाठवले होते. तेव्हा राग आला होता. आज मान्य करते की ते जॅकेट मी संपूर्ण पावसाळाभर गाडीच्या डिकीत ओले ठेवले होते.

पाँचोला पस्तीस दिवसांत एकच इजा झाली. पोर्तोमारिनच्या पुढे काटेरी तारेत अडकून बाहीला बोटभर चीर पडली, ती तंबूला लावतात त्या चिकटपट्टीने आतून आणि बाहेरून बंद केली आणि ती अजून टिकून आहे. पुढच्या वेळी मी पाँचो, घागरा आणि छत्री एवढेच नेणार आहे. ताई पँट आणि कव्हर घरी ठेवून जॅकेट नेणार म्हणते, ते मात्र थंडीत अंगावर घालायला, पावसासाठी नाही. पावसासाठी तिने मी घेतला त्याच दुकानातून पाँचो मागवला आहे, एका मापाने मोठा आणि नारिंगी.